आपत्तीनंतर माणसे कशी सावरतात?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली माणसे गणपती विसर्जन करून उशिरा झोपली होती. पहाटे ३.५६ ला जमीन हलली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यमच. पण इथली घरे दगड-मातीच्या जाडजूड भिंतींची होती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छप्पर झोपलेल्यांच्या अंगावर आले. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची ५२ गावे जवळजवळ भुईसपाट झाली, हजारो माणसे गेली.

पुढच्या काही वर्षांत याच टापूबद्दल तीन वेगवेगळी वर्णने समोर आली. जागतिक बँकेच्या कर्जावर चाललेल्या शासकीय कार्यक्रमाच्या कागदपत्रांत देशातल्या सर्वांत मोठ्या पुनर्वसनांपैकी एक इथे पार पडल्याचे दिसते. मानसोपचारतज्ज्ञांच्या नोंदी दुसरेच सांगतात. दिल्लीच्या ‘एम्स’मधले प्रताप शरण, शेखर सक्सेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचलेल्या प्रौढांची पाहणी केली. तिचा प्राथमिक अहवाल १९९६ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री’त आला. पाहणीतल्या निम्म्याहून अधिक लोकांत निदान करण्याजोगा मानसिक विकार आढळला होता, मुख्यतः आघातोत्तर ताणविकार आणि नैराश्य. नमुना लहान होता, पण स्त्रिया आणि निराधार झालेले लोक अधिक खचले आहेत हे त्यातही उठून दिसत होते. तिसरे वर्णन महिला मंडळांचे. उंबऱ्याबाहेर फारशा न पडलेल्या बायका घरदुरुस्तीच्या कामात शिरल्या आणि पुढे बचतगट, आरोग्य, ग्रामपंचायत इथवर पोचल्या.

तिन्ही वर्णनांना आधार आहे. ती शेजारीशेजारी ठेवली की जगभरच्या अभ्यासकांना गेली चार दशके पडलेला प्रश्न उभा राहतो. आपत्तीतून वाचलेली बहुतेक माणसे सावरतात का? सावरतात, तर कशाच्या बळावर? आणि ‘सावरली’ हे ठरवायचे कोणी?

आजारापासून उभारीकडे

सुरुवातीचा अभ्यास जवळजवळ सगळा जखमेचा होता. १९८० मध्ये अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ला जागा दिली. त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा अनुभव होता. निदान हाती आल्यावर ते भूकंप, पूर, वादळ यांतून वाचलेल्यांनाही लावले जाऊ लागले. त्याचा फायदा मोठा झाला. रात्री दचकून उठणारा, आवाजाने थरथरणारा, त्या जागेकडे पाहूही न शकणारा माणूस कमकुवत किंवा नाटकी नसून आजारी आहे, हे मान्य झाले. मात्र दवाखान्यात जो आला तोच तज्ज्ञांना दिसत होता. न आलेल्यांचे काय झाले, याची नोंद फारशी होत नव्हती.

दुसरी वाट बालविकासाच्या अभ्यासातून आली. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी दशकानुदशके मागोवा घेतला. सुमारे एक तृतीयांश मुले गरिबी, घरातली भांडणे, आईवडिलांचे आजारपण अशा अनेक अडचणी घेऊन वाढत होती. त्यांतलीही साधारण एक तृतीयांश मुले सक्षम, प्रेमळ प्रौढ झाली. त्यांच्यापाशी जिवाला जीव देणारे निदान एक मोठे माणूस होते. २००१ मध्ये ॲन मास्टन यांनी अशा अनेक अभ्यासांचे सार मांडले. उभारी हा मोजक्या लोकांना लाभलेला दुर्मीळ गुण नाही. नाती, शिकण्याची क्षमता, स्वतःला आवरण्याची सवय अशा रोजच्याच गोष्टी शाबूत राहिल्या की ती येते, असे त्यांचे म्हणणे. आपत्तीच्या अभ्यासाने पुढे हाच धागा उचलला.

‘बहुतेक जण सावरतात’ आणि त्यावरचे आक्षेप

या क्षेत्रात सर्वाधिक चर्चा झाली ती कोलंबिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो यांच्या मांडणीची. मोठ्या आघातानंतर माणसे साधारण चार वाटांनी जातात, असे त्यांनी २००४ पासून सांगितले. काहींचे दुःख वर्षानुवर्षे तीव्र राहते. काही जण आधी खचतात आणि हळूहळू पूर्ववत होतात. काहींचा त्रास उशिरा वाढतो. पण सर्वांत मोठा गट हादरा बसूनही रोजचे व्यवहार सांभाळणाऱ्यांचा असतो. २०१० मध्ये आपत्तींवरचे संशोधन तपासून बोनॅनो आणि सहकाऱ्यांनी लिहिले की तीव्र मानसिक त्रासाचे प्रमाण वाचलेल्यांच्या सुमारे ३० टक्क्यांपलीकडे क्वचितच जाते. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात, सर्व प्रकारचे आघात धरून, उभारीच्या वाटेने जाणारे सरासरी दोन तृतीयांशाच्या जवळ निघाले.

फ्रँक इन्फुर्ना आणि सुनिया लूथर यांनी २०१६ मध्ये याला आव्हान दिले. त्यांचा रोख संख्याशास्त्रावर होता. लोकांचे गट पाडणारी गणिती प्रारूपे काही गृहीतकांवर उभी असतात. प्रत्येक गटात माणसामाणसांतला फरक सारखाच, असे मानले तर उभारीवाला गट फुगतो. ती अट सैल केली की त्याच माहितीतून वेगळे चित्र निघते आणि सावरत जाणाऱ्यांचा गट मोठा दिसू लागतो. दुसरा मुद्दा मोजमापाचा. एखाद्याचे नैराश्य वाढलेले नसेल, पण तब्येत, कामधंदा, नाती यांपैकी काही कोलमडले असेल, तर त्याला उभारलेला म्हणायचे का? सगळ्या बाजू एकत्र पाहिल्या की उभारी बरीच विरळ होते, असे त्यांनी दाखवले.

फ्रॅन नॉरिस यांचा आढावा या दोन्ही मांडण्यांच्या आधीचा आहे आणि भारतीय वाचकाला तो अधिक महत्त्वाचा वाटावा असा आहे. २००२ मध्ये त्यांनी १०२ घटनांवरच्या १६० नमुन्यांतली, सुमारे ६० हजार लोकांची माहिती एकत्र केली. त्यात विकसनशील देशांतल्या लोकांची हानी विकसित देशांतल्यांपेक्षा ठळकपणे जास्त होती. म्हणजे श्रीमंत देशांतून निघालेली ‘दोन तृतीयांश’ची सरासरी मराठवाड्याला किंवा ओडिशाला जशीच्या तशी लावता येत नाही. उभारी सर्रास आढळते हे बोनॅनो यांचे म्हणणे पुराव्याने बरेचसे टिकले आहे, पण तिचा आकडा ठोकून सांगण्याइतका पुरावा कोणापाशीच नाही.

आधीची स्थिती माहीत असेल तर

आपत्ती सांगून येत नाही. त्यामुळे आधी माणसे कशी होती हे सहसा ठाऊकच नसते. योगायोगाने दोन ठिकाणी ते ठाऊक होते.

पहिले ठिकाण न्यू ऑर्लिन्स. तिथल्या कमी उत्पन्नाच्या १,०१९ पालकांची एका शैक्षणिक योजनेसाठी पाहणी सुरू होती. त्यांत बहुतांश तरुण कृष्णवर्णीय माता होत्या. ऑगस्ट २००५ मध्ये कट्रीना वादळ आले आणि संशोधकांनी याच कुटुंबांचा मागोवा पुढे चालू ठेवला. बारा वर्षांनीही दर सहा जणींमागे एकीत आघाताची लक्षणे शिल्लक होती. कशाने घाव खोल केला, हेही त्यांनी तपासले. जवळच्या माणसाचा मृत्यू, घरच्यांच्या जिवाची काळजी, आणि त्याबरोबरीने उपचार व नेहमीची औषधे न मिळणे. शेवटची गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. रक्तदाबाची गोळी वेळेवर पोचवणे हे मानसिक आरोग्याचेही काम ठरते.

दुसरे ठिकाण जपानचे इवानुमा. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीआधी सात महिने तिथल्या ज्येष्ठ नागरिकांची आरोग्य-पाहणी झाली होती. त्सुनामीनंतर घर गमावलेल्यांपैकी काहींना शेजाऱ्यांसह एकगठ्ठा नव्या जागी नेले गेले. काहींना चिठ्ठ्या टाकून किंवा भाड्याने जिथे मिळेल तिथे जावे लागले. इचिरो कावाची आणि सहकाऱ्यांनी दोन्ही गटांची आधीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहिली. गटाने गेलेल्यांचे एकमेकांकडे जाणेयेणे आणि सामाजिक सहभाग वाढला. सुटे गेलेल्यांचा घटला.

हा धडा जपानने आधी मोठी किंमत देऊन शिकला होता. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर वृद्धांना आणि अपंगांना आधी घर मिळावे, या चांगल्या हेतूनेच तात्पुरत्या घरांचे वाटप झाले. पण त्यात शेजार फुटला. मग एकटी राहणारी म्हातारी माणसे आपल्या खोलीत मरण पावल्याचे उशिरा कळल्याच्या घटना एकामागून एक समोर येत गेल्या.

शेजार तारतो, पण सगळ्यांना नाही

राज्यशास्त्रज्ञ डॅनिएल ऑल्ड्रिच यांनी २०१२ च्या ‘बिल्डिंग रेझिलिअन्स’ या पुस्तकात टोकियो (१९२३), कोबे, तमिळनाडूची त्सुनामी आणि न्यू ऑर्लिन्स यांची तुलना केली. नुकसान किती झाले, मदत किती आली, यापेक्षा माणसांची आपापसांतली वीण किती घट्ट होती यावर वस्त्या किती लवकर उभ्या राहतात हे अधिक ठरते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो अनेकदा उद्धृत होतो. त्याची दुसरी बाजू मात्र कमी सांगितली जाते. तमिळनाडूच्या मच्छीमार गावांत परंपरागत जातपंचायती मजबूत होत्या, त्यामुळे मदत झपाट्याने पोचली. पण त्या पंचायतींच्या यादीत दलित, विधवा आणि इतर बाहेरचे मानलेले लोक नसत. वीण जितकी घट्ट, तितके तिच्याबाहेरचे लोक अधिक उघडे पडले.

किल्लारी परिसराचे पुनर्वसन या नजरेने पुन्हा वाचायला हवे. स्थलांतरित गावांत घराचा आकार जमिनीवर ठरला. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना ४००, मोठ्यांना ७५०. त्यामागे जुन्या मालमत्तेला धरून भरपाई देण्याचा विचार होता, आणि कोणालाच पक्क्या घराविना ठेवले नाही हेही खरे. पण नव्या गावाच्या आखणीत श्रीमंत-गरिबांच्या वेगळ्या रांगा पडल्या. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, वाडा नाही, पार नाही, गुरांना गोठा नाही, शेत लांब. वास्तुसंवर्धनतज्ज्ञ रोहित जिज्ञासू यांनी आपल्या प्रबंधात या गावांचा बारकाईने अभ्यास केला आहे. शहरी नकाशा गावावर लादला गेला आणि जगण्याच्या जुन्या रीतींशी त्याचा मेळ बसला नाही, असे ते मांडतात. प्रशासनाची बाजूही समजून घ्यावी लागते. ढिगाऱ्याखालून आप्तांना काढलेली माणसे जुन्या जागेवर परत जायला तयार नव्हती. दगड-मातीच्या भिंतीखाली पुन्हा झोपायचीही त्यांची तयारी नव्हती. लोकांनीच सिमेंटची घरे मागितली. भीतीने घेतलेला निर्णय पुढे वर्षानुवर्षे सोबत करतो. तो बदलायची सवड पुनर्वसनाच्या वेळापत्रकात असावी का, हा प्रश्न तेव्हापासून तसाच आहे.

जी गावे हलवली नाहीत तिथे वेगळाच प्रयोग झाला. बाराशेहून अधिक गावांत मूळ घरे दुरुस्त करून मजबूत करायची होती. शासन आणि गावकरी यांच्यातला दुवा म्हणून प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केले. जाड भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या दगडी थरांना बांधणारा आरपार दगड कुठे बसवायचा, माळवदावरची माती किती उतरवायची, तुळईला आडवा आधार कसा द्यायचा, अनुदानाचा हप्ता कधी मागायचा, हे त्या घरोघरी समजावत. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा यांतल्या काही जणी तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. हे मानसोपचार म्हणून कोणी केले नव्हते. पण २००७ मध्ये स्टिव्हन हॉबफॉल आणि जगभरच्या तज्ज्ञांनी आपत्तीनंतरच्या मानसिक मदतीची पाच सूत्रे मांडली: सुरक्षितता, शांतता, आपल्या हातून काही होऊ शकते हा विश्वास, जोडलेपण आणि आशा. या बायकांच्या कामात त्यांतली निदान तीन सापडतात. या कामाचा बायकांच्या मनावर झालेला परिणाम मोजून ठेवला असता तर आज फार मोलाचा पुरावा हाती असता.

मुलांबद्दल मतभेद अजून मिटलेले नाहीत. किल्लारीनंतर शांतीलाल मुथ्था यांच्या ‘भारतीय जैन संघटने’ने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुले पुण्याजवळ वाघोलीला शिक्षणासाठी आणली आणि अनेकांचे आयुष्य घडले. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा कल मात्र मुलाला शक्यतो नात्यात आणि ओळखीच्या परिसरात ठेवण्याकडे आहे. नात्यातच कोणी उरले नसेल किंवा गावात शाळाच नसेल तर काय, याला ती तत्त्वे पुरेसे उत्तर देत नाहीत.

मदत कशी करावी

एके काळी उत्तर सोपे वाटत होते: लोकांना लगेच बोलते करा. जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये अग्निशमन आणि बचाव पथकांसाठी एक पद्धत मांडली. घटनेनंतर काही दिवसांतच गटात बसून काय पाहिले, काय वाटले हे क्रमाने सांगायचे. ती झपाट्याने पसरली आणि सामान्य आपत्तीग्रस्तांवरही वापरली जाऊ लागली. पुढे काटेकोर चाचण्या झाल्या. भाजलेल्या रुग्णांवरच्या एका चाचणीत तेरा महिन्यांनी, अशी बैठक झालेल्यांपैकी २६ टक्क्यांत आघातोत्तर ताणविकार होता, न झालेल्यांत ९ टक्के. २००२ च्या कोक्रेन आढाव्याने एकदाच घेतल्या जाणाऱ्या अशा बैठकीचा लाभ दिसत नाही, उलट अपायाची शक्यता आहे, असा निर्वाळा दिला. माइक पुढे करून ‘त्या रात्री काय झाले ते सांगा’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात घ्यायला हवे.

त्या जागी ‘मानसिक प्रथमोपचार’ आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्याची पुस्तिका काढली. माणसाजवळ बसायचे, बोलायचे असेल तर ऐकायचे, नसेल तर खोदायचे नाही, पाणी-निवारा-आप्तांची खबर मिळवून द्यायची, गंभीर त्रास दिसला तर पुढे पाठवायचे. हे शहाणपणाचे आहे यावर जवळजवळ एकमत आहे, पण त्याने पुढचा आजार टळतो असा भक्कम पुरावा अद्याप जमलेला नाही.

भारताची स्वतःची भर समुदाय-कार्यकर्त्यांच्या रूपाने आहे. १९९९ चे ओडिशातले महाचक्रीवादळ, कच्छचा भूकंप, २००४ ची त्सुनामी या प्रत्येक वेळी बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने शिक्षक, अंगणवाडी सेविका, स्वयंसेवक यांना मूलभूत मानसिक आधाराचे प्रशिक्षण दिले. तमिळनाडूत असा आधार मिळालेल्या स्त्रियांची स्थिती न मिळालेल्यांपेक्षा चांगली असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्याच वर्षी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मानसिक-सामाजिक आधाराची मार्गदर्शक सूत्रे काढली. महाराष्ट्रात किल्लारीनंतर लगेच, ऑक्टोबर १९९३ पासून, डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा मानसिक परिणामांवरचा प्रकल्प झाला होता. म्हणजे सुरुवात करण्यात हे राज्य मागे नव्हते.

‘उभारी’ या कौतुकाची किंमत

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दुसऱ्याच दिवसापासून ‘मुंबई स्पिरिट’चे गोडवे सुरू झाले. अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना चहा-वडापाव दिला, घरात आसरा दिला, हे सगळे खरे होते. पण काही मुंबईकरांनी तेव्हाच विचारले की आम्ही कामावर गेलो ते पोटासाठी, त्याचे एवढे कौतुक कशाला. मिठी नदीचे काय करणार ते सांगा. न्यू ऑर्लिन्समध्येही लोकांनी, आम्हाला चिवट म्हणणे थांबवा, अशी भित्तिपत्रके लावली. चिवट म्हटले की आणखी काही तरी सोसायला लावण्याची मुभा मिळते, हा त्यामागचा आक्षेप. समाजशास्त्रातली एक मोठी टीका याच सुराची आहे. उभारीला व्यक्तीचा गुण ठरवले की न उभारलेल्यावर दोष येतो आणि शासनाची जबाबदारी पुसट होते. उभारीचे अभ्यासक यावर म्हणतात की त्यांचेच संशोधन घर, उत्पन्न, औषध, शेजार यांच्याकडे बोट दाखवते. कोणी ते वाकवून वापरत असेल तर तो संशोधनाचा दोष नाही. दोघांचेही म्हणणे ग्राह्य आहे, पण धोरण आखणाऱ्यांच्या हाती ‘उभारी’ हा शब्द किती सहज लागतो हे पाहता टीकाकारांचा इशारा अधिक निकडीचा वाटतो.

आघातानंतर माणूस अधिक परिपक्व होतो, ही रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून यांची कल्पनाही अशीच वादात आहे. पॅट्रिशिया फ्रेझिअर यांच्या २००९ च्या अभ्यासात लोकांनी स्वतः सांगितलेली वाढ आणि आधी-नंतर मोजलेला बदल यांचा फारसा मेळ बसला नाही.

अजून न सुटलेले

पहिला प्रश्न मोजपट्टीचा. २००३ मध्ये आलेली कॉनर-डेव्हिडसन यांची २५ विधानांची चाचणी जगभर वापरली जाते. तिच्यात भर एकट्या माणसाच्या जिद्दीवर आहे. श्रीलंकेत त्सुनामीनंतर काम करताना गायत्री फर्नांडो यांना दिसले की तिथले लोक आपल्या दुःखाची मोजणी नात्यांतल्या भूमिका तुटण्यावरून करतात. आपल्याकडच्या खेड्यातली बाई दवाखान्यात येऊन ‘मन खचलंय’ म्हणण्याऐवजी ‘छातीत धडधडतं, डोकं जड पडतं, अन्नावर वासना नाही’ असे सांगते. तिने भूकंपाचा धसका घेतलाय हे शेजारणीला ठाऊक असते, पण प्रश्नावलीत त्याला चौकट नसते.

दुसरा प्रश्न वारंवार येणाऱ्या आपत्तींचा. कृष्णा-पंचगंगेच्या काठची गावे २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये बुडाली. पुराच्या सवयीने माणूस तयार होतो की दर खेपेला थोडा थोडा झिजतो? दोन्ही बाजूंनी पुरावे आहेत आणि हवामान बदलत असताना या प्रश्नाचे उत्तर सर्वांत तातडीचे झाले आहे.

तिसरा प्रश्न काळाचा. बहुतेक अभ्यास दोन-तीन वर्षांत आटोपतात. माळीणची दरड ३० जुलै २०१४ ला कोसळली आणि १५० हून अधिक माणसे गेली. नवे गाव २०१७ मध्ये उभे राहिले, पण त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तिथले रस्ते-गटारे खचली आणि लोकांच्या पोटात पुन्हा गोळा आला. अशा गावात सावरण्याची मोजणी कोणत्या दिवसापासून सुरू करायची?

महाड तालुक्यातले तळीये, खालापूरजवळची इर्शाळवाडी इथल्या दरडींतून वाचलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन झाले आहे किंवा होत आहे. घरांच्या चाव्या दिल्यावर फाइल बंद न करता, या कुटुंबांची झोप, तब्येत, मुलांची शाळा, रोजगार आणि शेजार यांची नोंद निदान दहा वर्षे ठेवली पाहिजे. ते काम जिल्हा रुग्णालय, आशा कार्यकर्त्या आणि जवळचे एखादे विद्यापीठ मिळून करू शकतील. आणि पुढच्या पावसाळ्यात जी वाडी हलवावी लागेल, ती शेजार न फोडता हलवावी. एवढ्यापुरता पुरावा आजच पुरेसा आहे.